गव्हाची लावणी

असं समजा, की तुमचे पप्पा मोबाइलमध्ये राहतात. रोज संध्याकाळी ते त्या एवढ्याशा चौकटीत येतात. कधी नुसतं कपाळ दिसतं, कधी नुसती हनुवटी. बोलता बोलता मध्येच ते गोठून जातात, तोंड उघडं आणि एक डोळा अर्धा मिटलेला. तुम्ही "पप्पा, पप्पा" म्हणत राहता. मग पडदा काळा होतो आणि आई म्हणते, "चल गो, भात निवतोय." एवढं समजून घेतलंत, तर समीक्षाची अन् तुमची ओळख झालीच म्हणा.

समीक्षा कुडपणची. पोलादपूरहून जीप घाट चढत वर वर जाते आणि आता आभाळातच शिरणार असं वाटतं, तेव्हा जे पठार लागतं, तिथं तिचं घर. घरात आई सारिका आणि आजोबा भागोजी. आजोबांना सगळी वाडी आबा म्हणते. पप्पा, म्हणजे दीपेश, मुंबईत पार्सलच्या गोदामात. ते गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे. आलेला माणूस अर्धा वेळ झोपून काढतो आणि उरलेला वेळ वाडीतल्या लोकांना भेटण्यात, हे समीक्षाला पाठ झालं होतं.

या वर्षी गणपतीत मात्र पप्पा ओट्यावर बसून एक नवीनच गोष्ट बोलले.

"आबा, भात काढलं की आपलं शेत शिमग्यापर्यंत उताणं पडून असतं. आणि वर थंडी किती! गव्हाला थंडीच लागते. भातामागं गहू घेतला तर एका शेतात दोन पिकं. घरचं खाऊन विकायला उरलं ना, तर गोदामाला रामराम करतो नि हितंच राहतो."

आबांनी मान हलवली. सारिकाने चुलीकडे तोंड फिरवलं. समीक्षाने एवढ्या मोठ्या भाषणातले शेवटचे दोनच शब्द उचलले आणि जपून ठेवले.

दिवाळीनंतर बियाण्याचं पोतं आलं. मुंबईहून गाडीने वीर स्टेशनला, तिथून रिक्षाने महाडला, महाडहून एसटीने पोलादपूरला आणि शेवटी जीपच्या टपावर बसून वर. जीपवाल्याने पोतं उतरवलं. समीक्षाने जीपच्या आत वाकून पाहिलं, मागून अजून कुणी उतरतंय का. कुणी नव्हतं. पोतं एकटंच आलं होतं.

त्या संध्याकाळी चौकटीतून पप्पांनी सगळं नीट समजावलं. कुडपणात मोबाइलला रेंज एकाच जागी येते, शेताच्या वरच्या कोपऱ्यातल्या कातळावर. तिथं तिघं दाटीवाटीने बसले होते.

"आबा, सोपं हाय. शेत नांगरायचं, ढेकळं फोडायची, ओळी पाडायच्या, दोन पेरं खोल बी सोडायचं नि माती ओढायची. बस."

"बस?" आबा म्हणाले.

"बस. टेन्शन नाय."

पप्पा गोठले. आबा बराच वेळ त्या गोठलेल्या तोंडाकडे बघत राहिले.

आता इथं थोडं थांबू, म्हणजे पुढचा घोटाळा तुम्हाला नीट कळेल. या डोंगरात भात काय, नाचणी काय, वरी काय, कुणी सरळ शेतात टाकून मोकळं होत नाही. आधी एका तुकड्यावर पालापाचोळा, शेण आणि फांद्या पसरून पेटवतात. त्याला राब भाजणं म्हणतात. त्या भाजलेल्या जमिनीत बी टाकायचं, रोपं वीतभर झाली की ती उपटायची, शेतात चिखल करायचा आणि वाकून वाकून एकेक रोप त्यात लावायचं. कंबर मोडते. पण कंबर मोडल्याशिवाय पिकाला आपली माया कळत नाही, असं आबांचं मत होतं.

"पप्पानी पेरायला सांगितलंय," समीक्षा म्हणाली.

"तो गोदामात खोकी टाकतो, तसं बी टाकायला सांगतोय," आबा म्हणाले. "अगो, ज्या पिकानं पोरगा घरी यायचाय, ते असं नुसतं फेकून द्यायचं? त्याची नीट लावणी करायची!"

हे ऐकल्यावर समीक्षालाही ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी कातळाखालच्या कोपऱ्यात राब भाजला. राब भाजायचे दिवस उन्हाळ्यातले. दिवाळी सरता सरता डोंगरावर धुराचा लोट उठलेला पाहून अख्खी वाडी हातात हिरव्या फांद्या घेऊन धावली. सगळ्यांच्या पुढे आबांचा दोस्त हैबती.

"वणवा! भागोजीच्या शेतात वणवा!"

"वणवा कसला, राब हाय!" आबा ओरडले. पण तोवर हैबतीने फांदीने झोडपून अर्धा राब विझवला होता.

"आत्ता राब? कशाचा?"

"गव्हाचा."

हैबतीने फांदी खाली टाकली आणि तो खाली बसून हसू लागला. "गव्हाचा राब! उद्या हरभऱ्याची लावणी करशील चिखलात!"

आलेल्या सगळ्यांना चहा पाजावा लागला. सारिकाची महिन्याची साखर एका सकाळी संपली. पण चहा पिता पिता सगळ्यांनी लावणीला यायचं कबूल केलं, कारण लावणीला एकमेकांकडे जायचं, ही इथली रीत. आणि रीतीत गहू चालत नाही असं कुठं म्हटलेलं नव्हतं.

रोपं छान उगवली. मग चिखल करायला पाणी हवं होतं. पाऊस तर केव्हाच परतलेला. आबांनी झऱ्याचं पाणी पाट काढून शेतात वळवलं. त्याच झऱ्याचं पाणी वाडीच्या टाकीत जायचं. दुपारी टाकी कोरडी पडली आणि संध्याकाळी रिकामा हंडा कमरेवर घेऊन बयाबाई दारात उभी राहिली. वाडीत बयाबाईच्या तोंडाला कुणी लागत नसे.

"भागोजीदादा, तुझ्या गव्हाची आंघोळ झाली का? आता आमी काय पियाचं, चिखल?"

"दोन दिवस कळ काढ गो, बये. लावणी झाली का पाणी सोडतो."

"गव्हाला लावणी? येड लागलंय काय रं तुला?"

समीक्षा बोलली. "गहू चांगला झाला ना, तर पप्पा हितंच राहणार हायत."

बयाबाई थांबली. तिचे दोन्ही मुलगे मुंबईला. थोरला तर गेल्या शिमग्यालाही आला नव्हता. तिने हंडा कमरेवरून उतरवून जमिनीवर ठेवला.

"मंग चिखल नीट कर," ती म्हणाली. "अर्धवट नको. आणि झाला ना चांगला, तर बियाणं मलापण दे."

अशी ती लावणी झाली. लावणीला डोक्यावर पावसाचं इरलं असतं, इथं प्रत्येकाच्या डोक्याला कानटोपी होती. पायाखालचा चिखल इतका गार, की हैबतीचे दात वाजायला लागले. "भागोजी, भाताची लावणी करताना वरून भिजतो, हितं खालून गोठतोय रं!" पण कुणी मागे हटलं नाही. बयाबाई सगळ्यांच्या पुढे होती. राबातलं कडेचं रोप तेवढं उपटायचं राहिलं, कातळाशेजारी, दाराच्या फळीएवढ्या तुकड्यात. अंधार पडायला लागला, तेव्हा आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे तेवढं."

भाताला साचलेलं पाणी आवडतं, मुलांनो. गव्हाच्या मुळांना मात्र मातीत हवा लागते. सतत पाण्यात उभं राहावं लागलं, की त्यांचा जीव घुसमटतो. हे आबांना माहीत असायचं कारण नव्हतं. रोप जरा मलूल दिसलं, की वाडीची टाकी भरल्यावर ते प्रेमाने आणखी पाणी सोडायचे. आठ-दहा दिवसांत गहू पिवळा पडला. मग आडवा झाला. भात निघालं की इथली गुरं मोकळी सुटतात आणि दिसेल त्या हिरव्याला तोंड लावतात. ती गुरंसुद्धा शेतात येऊन हुंगून पुढे गेली.

आबा बांधावर बसून राहायचे. जेवायला हाक मारली तरी लवकर उठायचे नाहीत.

"समू," एकदा ते म्हणाले, "बापाला इतक्यात काय सांगू नको."

आणि नेमकं त्याच संध्याकाळी पप्पांचं कपाळ म्हणालं, "गहू दाखव ना, समू."

समीक्षाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कातळाखाली राबातला तो उपटायचा राहिलेला तुकडा होता. आजूबाजूची रोपं निघाल्यामुळे उरलेल्यांना ऐसपैस जागा मिळाली होती. खाली राख, वर थंडी, उतारामुळे पाणी साचायची सोय नाही. गहू असा हिरवागार माजला होता, की बघत राहावं. समीक्षाने पालथं पडून मोबाइल अगदी त्याच्या मुळाशी धरला. चौकटीभर गहूच गहू.

"आयला! सॉलिड!" पप्पा ओरडले. "शेत असं हाय? पूर्ण दाखव, खाली जा ना!"

"खाली रेंज जाते," समीक्षा म्हणाली. आणि हे तर अगदी खरं होतं.

मग रोजच गहू दाखवायचा झाला. एक दिवस डावीकडून, एक दिवस उजवीकडून. गुरांनी त्यावर डोळा ठेवला, तेव्हा तिने काट्यांचं कुंपण केलं आणि शाळेतून आली की दप्तरासकट तिथंच बसू लागली. पप्पांनी ते व्हिडिओ गोदामातल्या सगळ्यांना दाखवले. मुकादमालाही दाखवले. आणि एका संध्याकाळी हनुवटी म्हणाली, "शनिवारी येतोय. गहू बघतो डोळ्यांनी. असाच असंल तर मुकादमाला सांगून टाकतो, आता बस झालं."

पडदा काळा झाला. शनिवार म्हणजे परवा. ज्याची वर्षभर वाट पाहावी, तोच दिवस येऊ नये असं वाटणं, ही गोष्ट समीक्षाला पहिल्यांदाच कळली. रात्री तिला भाकरी गोड लागली नाही. सारिकाने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

शनिवारी दुपारी दीपेश जीपमधून उतरला. सबंध, कपाळापासून पायापर्यंत. त्याने समीक्षाला उचललं आणि पिशवी ओट्यावर टाकून तसाच शेतात गेला. मागून आबा, सारिका, आणि बातमी लागलेले हैबती अन् बयाबाई.

दीपेश बांधावर उभा राहिला. समोर पिवळा, झोपलेला चिखल.

"हे काय हाय?"

हैबती आभाळात घार शोधू लागला.

"लावणी केली मी," आबा म्हणाले. आवाज इतका लहान, की तो आबांचा वाटेना. "नीट केली. कुठं कमी नाय ठेवली."

"गव्हाची? लावणी?"

"सगळी वाडी होती रं," बयाबाई म्हणाली. "कुणाला बोल लावू नको."

"मंग ते रोज दिसायचं ते काय होतं?"

समीक्षा पुढे आली. तिने पप्पांचा हात धरला आणि त्यांना वर, कातळापाशी, कुंपणातल्या त्या तुकड्याकडे नेलं.

"हे," ती म्हणाली. "मी एवढंच दाखवायचे. बाकीचं दाखवलं असतं, तर तुम्ही आला नसता."

दीपेश खाली बसला. रागावतो की काय, म्हणून सारिका पुढे सरकली. पण तो गव्हाचं एक रोप बोटांनी फाकवून पाहत होता. एका दाण्यातून केवढे तरी फुटवे फुटले होते.

"आबा, ह्याची लावणी नाय झाली?"

"नाय. ऱ्हायलंच ते."

"नि चिखल?"

"कातळापाशी चिखल कुठला?"

दीपेश हसायला लागला. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. "म्हंजे मी सांगितलं तसा एवढाच गहू वाढला, तोपण चुकून! आबा, वर गहू होतोय हो. झक्कास होतोय. बियाणं हाय का शिल्लक?"

"राबाला बी लागतंच किती? अर्धं पोतं तसंच हाय."

"उशीर झालाय. पिकाचा उतारा जरा कमी पडंल. पण वर थंडी टिकते, होईल. कातळापलीकडचं आपलं वरचं कोरडं शेत पेरू." मग त्याला आठवलं. "सोमवारी सकाळी मला गोदामात उभं राह्यचंय."

"तू जा," आबा घाईघाईने म्हणाले. "आमी करतो ना नीट."

दीपेशने आबांकडे पाहिलं. आबांच्या मागे हैबती पायजमा वर खोचूनच उभा होता.

"तुमच्यावर सोडलं तर तुमी परत चिखल कराल," दीपेश म्हणाला. "नाय. पेरणी पुरी होईपर्यंत मी हितनं हलत नाय. मुकादमाला फोन करतो."

रविवारी सकाळी नांगर फिरला, ढेकळं फुटली, ओळी पडल्या. हैबती, बयाबाई, सारिका, सगळे भराभर बी सोडू लागले. इतक्या हातांनी ते शेत संध्याकाळपर्यंत सहज झालं असतं. कडेची एक लांब ओळ दीपेशने समीक्षाला दिली.

समीक्षाने एक दाणा घेतला. पप्पांनी सांगितलं होतं तसं बोटाने दोन पेरं मोजून भोक केलं. दाणा आत ठेवला. वर माती ओढली, हाताने थापटली, थोडा वेळ तिथंच बसून पाहिलं. आबांनी तिच्याकडे एकदा निरखून बघितलं आणि कंबर धरून बांधावर टेकले. आजच नेमकी ती फार दुखायला लागली होती.

मग समीक्षा उठली आणि दुसरा दाणा आणायला निघाली. पोतं शेताच्या पार पलीकडच्या टोकाला होतं. कुणी उठायच्या आधी, पहाटे तिनेच ते ओढत ओढत तिथं नेऊन ठेवलं होतं.