फागूकाका कुठेच बसत नाहीत

फागूकाका तुमच्या मागे उभे असतील, तर तुम्ही काय बोलणार आहात ते त्यांना तुमच्याआधी कळलेलं असतं. कळून ते स्वस्थ राहिले असते तर कोणाची हरकत नव्हती. पण ते मागून वाकून तुमच्या ओठांकडे पाहतात, वाक्याचा पहिला शब्द तुमच्या कानाशी हळूच सांगतात आणि मग चार श्वास गप्प राहून वाट बघतात. शब्द बरोबर असतो. आवाज इतका बारीक, की तो मागून आला की आपल्याच डोक्यातून, हे चटकन समजत नाही. तुम्ही मुकाट्याने उरलेलं वाक्य पुरं करता आणि दिवसभर मान चोळत फिरता.

मी हे अनुभवावरून सांगतो. आमगावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि तिथून सायकलच्या अंतरावर आमचं गाव. एका संध्याकाळी मी उशिरा घरी आलो, तेव्हा फागूकाका ओसरीत उभे होते. बायकोनं विचारलं, "कुठं होतात?" दुकानात गर्दी होती, असं सांगायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. मागून कानात शब्द आला, "पत्ते." आणि मी म्हणालो, "पत्ते खेळत होतो." त्यानंतर आठवडाभर घरात काय वातावरण होतं ते इथे सांगत नाही.

काकांनी तीस वर्षं आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं होतं. आमच्याकडे नटाची पाठांतरावर फारशी श्रद्धा नसते. सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर असते. त्यामुळे गावाचं म्हणणं असं, की नाटकं सुटली पण म्हाताऱ्याची सवय सुटली नाही. माझंही तेच मत होतं.

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे ते कुठेच बसत नाहीत. टपरीवर चहा उभ्यानं, देवळात कीर्तन उभ्यानं. पंगतीत ताट हातात घेऊन भिंतीशी उभे राहून जेवतात. कोणी खुर्ची पुढे केली तर म्हणतात, "तू बस ना गा. मले काम आहे." काय काम आहे, ते मात्र सांगत नाहीत.

त्यांचा राग यावा तर तेही जमत नाही. शेजारचे म्हातारबा वारले तेव्हा त्यांचा मुलगा दोन दिवस दगडासारखा बसून होता. रडेना, बोलेना. काका जाऊन त्याच्या मागे उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "बाबा." चार श्वासांनी तो पोरगा "बाबा" म्हणाला आणि जो रडू लागला, तो संध्याकाळपर्यंत. बायकांनी काकांना हात जोडले. आणि त्या दिवसापासून त्यांच्याकडे पाठ करून कोणी उभं राहीना.

आता आमच्या युवक मंडळाबद्दल. मी या मंडळाचा सचिव, वय चव्वेचाळीस, आणि सभासदांत सगळ्यात तरुण. एवढ्यावरून मंडळाची तब्येत ध्यानात यावी. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, मंडळाची एक खोली आहे. तिच्यात फुटका कॅरम, दोन ढोलक्या आणि जुन्या नाटकांची पेटी. खऱ्या तरुणांनी यावं म्हणून मी सगळं करून पाहिलं. कॅरम स्पर्धेला तिघे आले, त्यांतले दोघे माझे भाचे. योगशिबिराला कोणीच नाही. व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानाला बाहेरून पाहुणे बोलावले, तर ते माझ्या एकट्यासमोर तासभर बोलले. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र चौसष्ट जण होते आणि रोज सकाळी न चुकता एकमेकांना फुलं पाठवत होते.

पोळ्यानंतर सरपंचताईंनी मला बोलावून घेतलं. "सचिवभाऊ, या मंडईले मंडळाचं नाटक झालं तं खोली तुमची," त्या म्हणाल्या. "नाई झालं तं मी तिच्यात धानाचे पोते ठेवतो. उंदरं तरी कामाले लागतीन." दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, बाहेरगावची लेकरंबाळं घरी येतात, आणि नाटकाशिवाय मंडई म्हणजे गावाची शोभाच. रात्रीचं नाटक बाहेरच्या कंपनीचं. आम्हाला दुपार मिळणार होती. माणसं मात्र नव्हती.

हताश होऊन मी खोलीच्या पायरीवर बसलो होतो. कानात आवाज आला, "काका." आणि मी म्हणालो, "काका, तुम्हीच काहीतरी करा."

ते म्हणाले, "हाव. पोराइले सांग, बुढा मनातलं ओळखते म्हून."

पहिल्या गुरुवारी टिंगल करायला पाच जण आले. काकांनी विक्की नावाच्या सगळ्यात वात्रट पोराला समोर उभं केलं आणि मनात एक वाक्य धरायला सांगितलं. "बोलू नको. फक्त बोलाच्या तयारीत राय." ते त्याच्या ओठांकडे, गळ्याच्या घाटीकडे पाहत राहिले. मग ते पुढे वाकून म्हणाले, "घाबरलो."

विक्की पांढरा पडला. "बाप्पा, हेच होतं," तो म्हणाला आणि तडक बाहेर गेला. पुढच्या गुरुवारी तो आणखी अकरा जणांना घेऊन आला.

मग काकांनी त्यांना ही विद्या शिकवायला घेतली. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकानं बोलायच्या बेतात थांबायचं, दुसऱ्यानं ओळखायचं. मोबाईलकडे पाहत माणसाचं तोंड वाचता येत नाही, त्यामुळे मोबाईल आपोआप खिशात गेले. ओळखणारा घाई करू लागला की काका त्याच्या खांद्यावर हात ठेवत. "पहिला शब्द आपला, बाकीचे समोरच्याचे. थांब जरा." उन्हं कलायच्या वेळी खोलीत बावीस पोरंपोरी एकमेकांच्या तोंडाकडे एकटक पाहत आहेत आणि कोणीच बोलत नाही, हे दृश्य मी दर गुरुवारी पाहत होतो. दारातून जाणारी कुत्रीसुद्धा थबकत. मंडळ जिवंत झालं म्हणून मला आनंद व्हायचा, पण खरं सांगतो, मी आत जाऊन बसत नसे.

नाटक पेटीतलंच निवडलं, मुखपृष्ठ गेलेलं, घरगुती. शेवटच्या प्रवेशात आजारी बायको खाटेवर आणि नवरा लेकीच्या लग्नाच्या गडबडीत. बायकोचं काम पोरींतली पायल करणार होती, नवऱ्याचं विक्की. खाट कोणाकडे मिळेना, तेव्हा काका म्हणाले, "माह्या घरची ने."

ती कधी न्यायची ते ठरवायला मी एका टळटळीत दुपारी त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. ओसरीत रिकामी खाट आणि तिच्यासमोर काका उभे, माझ्याकडे पाठ. हलक्या आवाजात बोलत होते.

"पाणी?" मग चार श्वास.

"पंखा?" पुन्हा चार श्वास.

"पाय? बाबूले फोन लावू?"

प्रत्येक वेळी ते खाटेकडे किंचित वाकत आणि उत्तराची वाट बघत. मागच्या मागे निघावं म्हणून मी पाऊल उचललं, तर ते न वळता म्हणाले, "ये ना गा. आलास तं ये."

मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. त्यांच्या बायकोला, रेवताकाकूंना, लकवा झाला तेव्हा त्यांची वाचा गेली. शब्द मनात असायचा, तोंडात यायचा नाही. सहा वर्षं काका त्यांच्या ओठांकडे पाहून पहिला शब्द सांगत आणि थांबत. चार श्वासांत काकू तो म्हणत. कधी कधी पुढचा एखादा शब्द त्या स्वतःच्या हिमतीनं काढत, आणि मग दोघं हसत. ही विद्या नाटकातली नव्हतीच. नाटकात तर पुस्तक समोर असतं.

"तीन वर्षं झाली," काका म्हणाले. "त्या दिवशी तिचे ओठ मिटत होते अन् उघडत होते. काही सांगून राहिली होती. मी म्हटलं पाणी. नाई म्हणे मानेनं. पाणी आणलं तरी. मंग पंखा. मंग वाटलं बाबूले बोलावते, तं फोनसाठी आंगणात पळालो. पळतच राहिलो गा मी. वापस आलो तं गेली होती."

बाबू म्हणजे त्यांचा मुलगा, हैदराबादला असतो.

"तीस वर्षं दुसऱ्याइले शब्द देल्ले. तिचा एक शब्द नाई देता आला मले." त्यांनी खाटेची कड चाचपली. "म्हून पायतो लोकायचे तोंडं. कोनाचे तरी ओठ तसे मिटतीन. मंग समजन."

गावभर मी या माणसाच्या नकला करून दाखवल्या होत्या, त्याची मला त्या ओसरीत फार लाज वाटली.

मंडईच्या दुपारी मैदान भरलं. आकाशपाळणा, चिवड्याची दुकानं, बाहेरगावच्या लेकीजावयांची गर्दी. सरपंचताई पहिल्या ओळीत. नाटक छान रंगलं, पोरं एकमेकांची तोंडं वाचत होती, अडखळणाऱ्याला समोरचाच सावरत होता. विंगेत मी पडद्याची दोरी धरून, शेजारी काका उभे, हातात पुस्तक.

शेवटचा प्रवेश आला. विक्की तांब्या घेऊन धावत आला, ठेवून पुन्हा निघाला. पायलनं खाटेवरून मान उचलली. तिचं वाक्य होतं, "पोरीची पाठवणी झाली का?" आणि ती अडली. ओठ मिटले, उघडले. पुन्हा मिटले.

मी काकांकडे पाहिलं. बोट त्या ओळीवर होतं आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. ते पायलच्या ओठांकडे पाहत होते. चार श्वास झाले. आठ झाले. सरपंचताईंनी शेजारणीकडे पाहिलं. खोली गेली, असं मला वाटलं. मी दबक्या आवाजात म्हणालो, "काका, सांगा ना." त्यांनी हातानं मला थांबवलं.

पायल म्हणाली, "बसा ना जी. किती पळता. घडीभर बसा माह्याजवळ."

हे पुस्तकात कुठेही नव्हतं. विक्की गोंधळला, परत फिरला आणि खाटेच्या कडेला बसला. मैदानात पाळण्याच्या करकरीखेरीज आवाज उरला नाही. मी दोरी सोडली, पडदा पडला आणि मग टाळ्या सुरू झाल्या. सरपंचताई मागे येऊन म्हणाल्या, "पोते मी दुसरीकडं ठेवतो."

पोरं नाचत होती. पायल काकांजवळ आली. "काका, बरं झालं तुमी सांगितलं. मी तं साफ विसरली होती. पन बाईचा आवाज काऊन काढला?"

मी काकांपासून हातभर अंतरावर उभा होतो. त्यांनी ओठ हलवले नव्हते, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

काकांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं, रंगमंचाच्या मधोमध गेले आणि त्या खाटेवर बसले. पोरांचा गलका आपोआप थांबला. थोड्या वेळानं त्यांनी बाजूची जागा हातानं झटकली आणि जरा सरकून बसले.