आपोआप गेलेला व्हॉल्व्ह

टीव्हीवरची ती बाई नदीवरून पाणी आणताना चिखलात घसरली, दोन्ही बादल्या उपड्या झाल्या आणि आप्पांना गलबलून आलं. त्याच वेळी त्यांची बायको स्वयंपाकघरात नळ सोडून बहिणीशी फोनवर बोलत होती.

त्या कार्यक्रमात दीडशे वर्षांपूर्वी जंगल तोडून वस्ती करणाऱ्यांचे हाल आजची तीन कुटुंबं प्रत्यक्ष भोगून दाखवत होती. ना वीज, ना नळ. आप्पांनी उभा जन्म पाणीखात्यात व्हॉल्व्हमन म्हणून काढलेला, त्यामुळे नळ नसलेलं जग त्यांच्या फार मनाला लागलं.

"अगं, अर्धा मैल चालते ती पाण्यासाठी."

"मग मागून तो कॅमेरावाला येतो ना, त्याला धरायला सांगावी एक बादली."

अशा घराला नुसतं सांगून उपयोग नव्हता. रविवारी सकाळी त्या कार्यक्रमात पहिली जाहिरात लागताच आप्पा पाना घेऊन गच्चीवर गेले. तासभर पाणी बंद ठेवलं की घरच्यांना पाण्याची किंमत कळेल, असा हिशेब. व्हॉल्व्ह मात्र सगळ्या इमारतीला मिळून एकच होता, त्यामुळे बारा बिऱ्हाडांना आप्पांबरोबर दीडशे वर्षं मागे जाणं भाग होतं.

शेवटचे फेरे नुसत्या हातानं आणि सावकाश द्यायचे, हे आप्पांनी कित्येक पोरांना घोकून घोकून शिकवलं होतं. पण खाली जाहिराती संपत आल्या होत्या. त्यांनी पाना लावून जोर दिला. कट्‌ असा आवाज झाला, आत दांडी तुटली आणि व्हॉल्व्हचं चाक त्यांच्या हातात आलं.

अर्ध्या तासात नळ कोरडे पडले. रात्रपाळी करून आलेली दुसऱ्या मजल्यावरची नर्स डोक्याला साबण तसाच ठेवून दारात आली. तिच्यामागे सगळेच आले. पाण्याचं काही अडलं की आप्पा, हा इमारतीचा शिरस्ताच होता.

"जुना झालाय व्हॉल्व्ह," आप्पा म्हणाले. असं खोटं ते पहिल्यांदाच बोलले आणि ते लगेच खपलं, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

त्यांनी आपल्या हाताखाली तयार झालेल्या माणसाला फोन केला. तो आता दुरुस्तीपथकाचा मुकादम होता. म्हणाला, पाचला येतो. तोवर आप्पांनी अंगणातल्या हौदाचं झाकण काढलं आणि बादल्या वर न्यायला सुरुवात केली. अकरा खेपा झाल्या. "या वयात कोण करतं हो एवढं?" असं जो तो म्हणे, आणि आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

"मी विचारत नाही," बायको जिन्यात म्हणाली, "पण सकाळी गच्चीवर कशाला गेला होतात?"

आप्पांनी बादली या हातातून त्या हातात घेतली.

पाचला मुकादम आला. सगळी इमारत गच्चीवर जमली. त्यानं व्हॉल्व्ह खोलला, दांडीचा ताजा चकचकीत तुकडा पाहिला, पान्याचे ओरखडे पाहिले आणि मग आप्पांकडे पाहिलं.

"जुनाच होता," तो म्हणाला. "आपोआप गेला. नवा उद्या बसेल."

लोकांनी माना डोलावल्या. आप्पांचं नाव वाचलं होतं. आता नुसतं गप्प राहायचं होतं. तेवढंच त्यांना जमेना.

"आपोआप नाही गेला," ते म्हणाले. "मी तोडला. जाहिराती संपायच्या आत खाली पोचायचं होतं."

नर्सनं एकदा डोक्यावरच्या टॉवेलला हात लावला.

मुकादम मान खाली घालून उभा होता. "आप्पा, मग माझंही ऐका. मी तुमच्या हाताखाली असताना शाळेसमोरचा व्हॉल्व्ह गेला, तोही आपोआप गेला नव्हता."

"अंदाज होता मला."

"बाजारातलाही."

आता मात्र आप्पांचा चेहरा उतरला. "बाजारातला? अरे, खात्यानं घेतलेला मालच खराब आहे म्हणून मी साहेबांशी भांडलो. माझी बढती अडकली त्यात."

"म्हणूनच सांगायचा धीर झाला नाही."

रागवायचं म्हणून आप्पांनी तोंड उघडलं, पण आज त्यांना तो हक्क उरला नव्हता. त्यांनी दोन रिकाम्या बादल्या उचलल्या आणि मुकादमाच्या हातात दिल्या.

"हौद खाली अंगणात आहे," ते म्हणाले. "आधी नर्सबाईंकडे ने. दुसरा मजला."