बालवर्गाला अनंत शिकवताना

"पाच वर्षांच्या मुलांना अनंत समजावणं म्हणजे माझ्या हातचा मळ!" असं मी सासरेबुवांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो. सांगणं भागच होतं. भेटले की त्यांचा एकच प्रश्न, "जावईबापू, नोकरीत कायम कधी होणार?"

मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "संचालकांसमोर नमुना पाठ घ्या. आवडला तर या वर्षी नक्की कायम!" हे 'या वर्षी नक्की' मी दरवर्षी ऐकत आलोय. पण आशा मोठी निर्लज्ज असते हो!

मी एक खेळ शोधला. मी मोठ्यातली मोठी संख्या सांगायची आणि वर्गाने ओरडायचं, "अजून एक!" म्हणजे शेवटची संख्या नसतेच, हे पोरांना आपोआप कळतं. आठवडाभर तालीम घेतली. फक्त कुठे थांबायचं, तेवढं शिकवायचं राहून गेलं.

पाठ झकास झाला. "लाख!" "अजून एक!" "कोटी!" "अजून एक!" पुढचे दात पडलेली आमची बोबडी उठून म्हणाली, "सल, म्हंजे शंपतच नाही?"

"नाही गं बाळा!" मी असा फुललो की शर्टाची बटणं तुटायचीच बाकी राहिली.

संचालक खूश होऊन म्हणाले, "वर्गात मुलं किती?"

"पंचवीस."

"अजून एक!" वर्ग गरजला.

मुख्याध्यापिकांचा चेहरा पडला. "पटावर पंचवीसच आहेत, साहेब!" म्हणत त्या स्वतः डोकी मोजायला लागल्या. चोवीसच भरली! बोबडी बाकाखाली पेन्सिल शोधत होती.

विषय बदलावा म्हणून संचालकांनी मला विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

"दोन."

"अजून एक!"

"अरे वा, अभिनंदन!" त्यांनी माझा हात गदागदा हलवला. मी "नाही हो, साहेब!" म्हणेपर्यंत पुढचा प्रश्न आलाही. "इथे किती वर्षं आहात?"

"तात्पुरता... सहा वर्षं."

"अजून एक!!"

संचालक पोट धरून हसले. आणि बाईंनी संधी साधली. "ऐकलंत ना, साहेब? मुलं म्हणजे देवाघरची फुलं! त्यांचंच ऐकू या. अजून एक वर्ष बघू सरांना."

"बघा की! मुलांना सरांचा लळा दिसतोय," संचालक डोळे पुसत म्हणाले.

झालं! माझ्या सहा वर्षांचा निकाल एका हशात लागला. राग असा आला की फळा उचलून आपटावासा वाटला. पण चिडायचं कोणावर? पोरं शाबासकीसाठी माझ्याकडे टुकुटुकु बघत होती. दिली शाबासकी, सगळ्यांना दिली.

जाताना संचालक म्हणाले, "अवघड विषय, पण छान पोहोचवलात!"

मी "धन्यवाद" म्हणालो. चांगला कमरेत वाकून म्हणालो! तात्पुरत्या माणसाने ताठ उभं राहू नये, हातातलं वर्षही जातं.