दरडोई चाळीस डॉलर

यिशुन या परदेशी उपनगरातल्या मराठी मंडळाची दिवाळी पहाट गेली नऊ वर्षे 'यथाशक्ती वर्गणी'वर सुखेनैव पार पडत होती, ही बाब प्रबोध देवस्थळीला अत्यंत चिंताजनक वाटत होती. आयटीतले मॅनेजर गोविंदराव दोनशे डॉलर देत, विद्यापीठातली पोरं दहा-दहा देऊन सतरंज्या उचलत, आणि चकली सगळ्यांना सारखीच मिळे. याला कसलाही शास्त्रीय आधार नव्हता.

शास्त्रीय आधार प्रबोधकडे होता. वेल्समधल्या गावांवर एके काळी माणशी सारखा स्थानिक कर बसला होता. बंगलेवाला असो की मेंढपाळ, गावात रक्कम एकच. लोक खवळले, याद्यांतून गायब झाले, आणि शेवटी कर गुंडाळावा लागला. कर उत्तमच होता, अंमलबजावणी फसली, हे सिद्ध करण्यात प्रबोधची तीन वर्षं गेली होती. त्याची संशोधनाची फेलोशिप डिसेंबरात संपत होती. "एक तरी यशस्वी उदाहरण दाखव, मग मुदत वाढवू," असं प्रोफेसरांनी बजावलं होतं. नाहीतर बायकोसह बाडबिस्तरा आवरून पुणे गाठायचं होतं, आणि त्या विचाराने बिचाऱ्याला जेवण जात नव्हतं.

त्याने मंडळाच्या सभेत तक्ता मांडला. खर्च दोन हजार पाचशे वीस डॉलर, डोकी त्रेसष्ट, दरडोई चाळीस.

"हीच खरी समता!" गोविंदराव गहिवरले. त्यांच्या घरी दोनच डोकी होती.

"पण दादा, आम्ही दहाच देत होतो," चौघांत एक फ्लॅट घेऊन राहणारा कुशल म्हणाला.

"गरिबाला गरीब म्हणून वेगळं काढणं हा त्याचा अपमान आहे," प्रबोधने समजावलं.

"तो अपमान आम्हाला चालेल, दादा."

ही हरकत नोंदवून घेण्यात आली व ठराव मंजूर झाला.

मग 'शिरगणती अर्ज' भरून आले. कुशलच्या फ्लॅटमध्ये चौघांऐवजी एकच इसम राहत असल्याचं निष्पन्न झालं. उरलेले तिघे त्याच्याकडे अभ्यासाला येत, एवढंच. मंडळातल्याच रोहनने आई-वडिलांना 'पाहुणे' या सदरात टाकलं. ते चार वर्षांपूर्वी आले होते. गोविंदरावांनी पत्नी ही अर्धांगिनी असल्याने दोघांचं मिळून एकच डोकं धरावं, असा धर्मशास्त्रीय मुद्दा काढला. डोकी अठ्ठावीस झाली. खर्च मात्र जागचा हलला नाही, त्यामुळे दर नव्वदवर गेला. नव्वद ऐकून आणखी सोळा जण यादीतून उठले आणि दर दोनशे दहा झाला.

प्रबोध डगमगला नाही. वेल्सची चूक तो पुन्हा होऊ देणार नव्हता. मराठी माणूस चपला दाराबाहेर काढतो, तेव्हा कॉरिडॉरमध्ये फिरून चपला मोजायच्या आणि दोनने भागायचं, अशी पद्धत त्याने बसवली. दुसऱ्याच दिवशी यिशुनमधल्या तमाम मराठी चपला कपाटात गेल्या. कॉरिडॉर इतके चकचकीत झाले, की शेजारच्या चिनी आजीबाईंनी कौतुकाने संत्री वाटली.

तरी रोहनच्या दारावर त्याने बेल वाजवलीच. रोहनच्या सात वर्षांच्या मुलीने, अवनीने, दार उघडलं.

"आजोबा आहेत का गं?"

"नो लाह, अंकल. आजोबा घरी नाहीत. ही इज हायडिंग इन द टॉयलेट."

आतून खोकला आला. प्रबोधने सभ्यपणे 'गैरहजर' अशी नोंद केली.

दिवाळीला आठवडा उरला तेव्हा यादीत एकच नाव शिल्लक होतं. दर, अर्थातच, दोन हजार पाचशे वीस.

"कोण हो हा प्रामाणिक माणूस?" प्रबोधच्या बायकोने, जाईने, कौतुकाने यादीत डोकावत त्याला विचारलं, आणि तिचा चेहरा पडला. "अहो, हे तुम्हीच!"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व गेलं खड्ड्यात. डिसेंबरनंतर आपण इथे असू की नाही, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का? मग आपण रहिवासी कसले?"

हा मुद्दा प्रबोधला पटला. इतका पटला, की त्याने स्वतःच्या हाताने आपलं नाव खोडलं आणि त्याच बैठकीत अहवाल पूर्ण केला: 'नोंदणीकृत सदस्यांपैकी थकबाकीदार शून्य. तक्रारी शून्य. विरोध शून्य.'

प्रोफेसरांचं उत्तर तासाभरात आलं. इतकी निर्विवाद वसुली आजवर कोणत्याच देशात झालेली नाही, सबब फेलोशिप दोन वर्षांनी वाढवण्यात येत आहे. जाईने साखर वाटली.

दिवाळीच्या पहाटे पैठण्या नेसून आणि जरीचे कुडते घालून बरोबर त्रेसष्ट जण हॉलपाशी जमले. दाराला कुलूप होतं; भाडं कुणी भरलंच नव्हतं. मग मंडळातल्या उल्काताईंनी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत आपला चिवड्याचा डबा उघडला, पाठोपाठ इतरांचेही डबे उघडले, आणि फराळ झकास झाला. पण तोंडात शंकरपाळे असतानाही जो तो हळहळत होता.

"लोकांना काही वाटतच नाही हो," गोविंदराव म्हणाले. कुशल म्हणाला, रोहनचे वडील म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्याने प्रबोध म्हणाला.

त्या त्रेसष्टांत हे 'लोक' नेमके कोण, याचा छडा लागला नाही. वाचकहो, तुम्हाला मात्र हे वाचताना कुणीतरी चटकन आठवलं असेल. ते तुमच्या घरातलं नव्हतं, यावर आमची पैज.