धामणखेड्यातले पाहुणे

धामणखेडा गावात एकही व्यसनी इसम नाही, ही बाब ग्रामसभेने सर्वानुमते मंजूर केलेली आहे. तंबाखू ही सवय असून तिला व्यसन म्हणता येणार नाही आणि दारू हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, असा खुलासा त्याच ठरावात असल्यामुळे मंजुरीला फारशी अडचण आली नाही. उरल्या नशेच्या गोळ्या. पोरं त्यांना बटन म्हणतात. पण बटन खाणारी पोरं शहरात असतात. धामणखेड्यातल्या पोरांना फक्त अशक्तपणा येतो.

अशा या गावाला लोकसहभागातून चालणारं व्यसनमुक्ती व आधार केंद्र मंजूर झालं, तेव्हा ते नाकारावं असं कुणाच्याही मनात आलं नाही. आलेली योजना परत पाठवणं गावाच्या रीतीत बसत नव्हतं. योजना तशी साधी होती. माणसाला दूर कुठं कोंडायचं नाही. तो आपल्याच घरी राहील, दर मंगळवारी समाजमंदिरात त्याला समुपदेशक भेटेल, औषध मिळेल, बाकीचे दिवस गाव त्याला सांभाळून घेईल आणि या सगळ्यावर एक समिती देखरेख ठेवेल. गावाने यातली समिती तेवढी मनावर घेतली.

अध्यक्ष झाले दिनकरराव गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, खणखणीत आवाज आणि कोणत्याही विषयावर बोलण्याची तयारी. उपाध्यक्षपद आबासाहेबांकडे गेलं, कारण गावातलं दुसरं प्रत्येक पद त्यांच्याकडे आधीपासूनच होतं. सचिव व्यंकटराव, ज्यांना ठराव लिहिल्याशिवाय जेवण जात नसे. महिला प्रतिनिधी म्हणून बचत गटाच्या सगुणाबाई. उद्घाटनाला आबासाहेबांनी तंबाखूचा बार गालात नीट बसवून व्यसनाच्या दुष्परिणामांवर भाषण केलं आणि मधेमधे उठून खिडकीबाहेर थुंकून आले. केंद्रात रुग्ण सोडून सगळे होते.

गुरुजी घरी आले तेव्हा दुपार कलली होती आणि त्यांचा मुलगा श्रीनिधी अजून अंथरुणातच होता. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेलेला हा हुशार पोरगा वर्षापूर्वी पुस्तकांची गोणी आणि अशक्तपणा घेऊन परत आला होता. चहाचा कप धरला की हात थरथरायचे. शब्द जड यायचे. उशीच्या अभ्र्यात पद्मजाबाईंना गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडायची.

"अहो, त्या सुकेशनीताई दर मंगळवारी येणारेत म्हणे," पद्मजाबाई म्हणाल्या. "समाजमंदिर कुठं लांब आहे? घेऊन जा की लेकराला."

"मी त्या केंद्राचा अध्यक्ष आहे, पद्मजा. अध्यक्षाचा मुलगा रुग्ण कसा असेल? नियमात बसत नाही."

"कोणत्या नियमात?"

गुरुजींनी पंखा वाढवला. पोरासाठी त्यांचा जीव तुटत होता, यात खोटं काही नाही. त्यांनी त्याच्यासाठी ताकदीची पावडर आणली, बदाम आणले, एक ताईत आणला. फक्त समाजमंदिर ते घर हे अंतर त्यांच्याने कापवत नव्हतं, कारण वाटेत पारावर गाव बसलेलं असायचं.

पहिल्या मंगळवारी समुपदेशक सुकेशनीताई परभणीहून वेळेवर आल्या आणि समिती हारतुरे घेऊन रुग्णाची वाट बघत बसली. चारच्या सुमाराला जीवन आला. फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवणारा, तिशीतला माणूस. दारात चपला काढून तो सरळ ताईंसमोर बसला आणि पारावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझं नाव जीवन. मी बटन खातो. दोन साल झाले. मला सोडायचंय."

समितीला काय करावं सुचेना. उभ्या हयातीत गावात कुणी असं नाव घेऊन बोललं नव्हतं. शेवटी आबासाहेबांनी सवयीने त्याला शाल पांघरली, व्यंकटरावांनी नारळ दिला आणि फोटो निघाला. जीवन शाल घडी करून बाजूला ठेवून ताईंशी बोलत राहिला.

पुढे तो दर मंगळवारी येऊ लागला. कधी रडायचा, कधी भांडायचा. एकदा घसरला, पुन्हा आला. हळूहळू त्याचा चेहरा निवळला आणि फाट्यावरचं दुकान सकाळी वेळेवर उघडायला लागलं. गावाने त्याला सांभाळून घेतलं ते असं, की त्याच्या हातची तपकीर कुणी घेईना आणि पोरीबाळी त्याच्या दुकानापुढून जाताना रस्ता बदलू लागल्या. तो बटन खात होता तोवर त्या दुकानापुढूनच जात असत.

जीवनशिवाय केंद्रात बाहेरगावचे लोक यायचे. तोंडाला रुमाल, डोळ्याला काळा चष्मा. कुणी पिंगळीकडचे, कुणी पाथरीकडचे. पारावर कुणी विचारलंच तर म्हणायचे, "पाव्हण्याकडं आलो होतो." त्यांना बघून गुरुजींना मनापासून वाईट वाटे.

"काय ही पिंगळीची अवस्था!" ते सुकेशनीताईंना म्हणाले. "गाव बिलकुल वाया गेलं."

"आणि तुमच्या गावचे का येत नाहीत, सर?"

"असते तर आले असते ना!"

ताईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "मी गुरुवारी पिंगळीच्या केंद्रात बसते," त्या म्हणाल्या आणि पिशवी आवरू लागल्या. गुरुजींना यात काही विशेष वाटलं नाही.

यथावकाश 'व्यसनमुक्त गाव' अशी स्पर्धा जाहीर झाली. तपासणी पथक येणार, फलक मिळणार, फाट्यावर कमान होणार. समितीची तातडीची बैठक भरली आणि व्यंकटरावांनी अडचण मांडली.

"गावात अधिकृत व्यसनी एकच हाय. जीवन."

"पण त्यानं सोडलंय की," सगुणाबाई म्हणाल्या.

"सोडलं म्हणजे आधी धरलं व्हतं, हे आपोआप सिद्ध व्हतंय," व्यंकटराव म्हणाले. "ज्यानं कधी धरलंच न्हाई, अशा माणसांचं गाव पायजे त्यांना."

तर्क बिनतोड होता. ठराव झाला: सदरहू इसमाचे लोकसहभागातून बाहेरगावी पुनर्वसन करण्यात यावे. सूचक आबासाहेब, अनुमोदक दिनकरराव गुरुजी. जीवनचं दुकान ग्रामपंचायतीच्या जागेत होतं, हे त्याच दिवशी सर्वांच्या ध्यानात आलं. आबासाहेबांचं शेतीमालाचं गोदाम त्याच जागेत होतं, पण ते मोठं असल्यामुळे ध्यानात यायला जागा उरली नाही.

ठराव सांगायला गुरुजी स्वतः गेले. जीवन चाकाची ट्यूब पाण्यात धरून बसला होता.

"तुझ्या भल्यासाठीच आहे, बाबा. सेलूला तुझी बहीण आहे. नवीन गाव, नवीन सुरुवात."

"गुरुजी, मला ताईंनी सांगितलंय, जुन्याच गावात उभं राहा म्हणून. ते लय अवघड असतंय." जीवनने ट्यूब बाजूला ठेवली. "आन् एक सांगू का? गावात अजून हायेत. मला मालूम हाय कोण कोण हायेत ते, आमी एकाच जागी बसायचो. त्यांच्यापाशी बसायला कुणीतरी पायजे. मी बसतो की. तुमच्याच…"

"दुकान शनिवारपर्यंत उचल," गुरुजी घाईघाईने म्हणाले. घाम पुसत ते घरी आले. रात्री जेवणाला त्यांनी हात लावला नाही, पण ठरावालाही लावला नाही.

शनिवारी जीवन गेला. पथक आलं, सात्त्विक जेवलं आणि धामणखेडा व्यसनमुक्त झालं. सत्काराच्या दिवशी फाट्यावरच्या नव्या कमानीखाली गुरुजी फेटा बांधून उभे होते, तेवढ्यात पद्मजाबाईंचा फोन आला. श्रीनिधी न्हाणीघरात पडला होता. पाणी मारलं तेव्हा त्याने डोळे उघडले आणि आईला ओळखलंच नाही.

गुरुजी फेट्यासकट घरी धावले. डॉक्टर येऊन गेले. पोरगा शुद्धीवर आला आणि बापाचा हात धरून लहान लेकरासारखा रडला. "बाबा, माझ्याच्यानं एकट्यानं होत नाही," तो म्हणाला. इतक्या वर्षांत शेकडो पोरांना गुरुजींनी उभं केलं होतं आणि घरचं पोर डोळ्यांदेखत हातातून चाललं होतं.

"आता तरी मंगळवारी नेता का?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"मंगळवारी नको," गुरुजी म्हणाले. "गुरुवारी नेतो."

गुरुवारी सकाळी त्यांनी पारावर जाहीर केलं, की आपण सहकुटुंब पाथरीला साईंच्या दर्शनाला निघालो आहोत. मग श्रीनिधीला जीपमध्ये घातलं, तोंडाला रुमाल बांधला आणि पाथरीकडे पाठ करून मानवत, परभणी मागे टाकत ते पिंगळीला पोचले. पिंगळीत त्यांना कुणी ओळखत नव्हतं. तिथल्या केंद्राच्या बाहेरच्या खोलीत बाकांवर रुमाल बांधलेली माणसं बसली होती. त्यांतल्या एकाने खिडकीशी जाऊन बाहेर थुंकी टाकली आणि ती थुंकण्याची रीत गुरुजींनी लगेच ओळखली.

"आबासाहेब?"

"च्या मायला! गुरुजी?" रुमाल खाली आला. शेजारी आबासाहेबांचे जावई मान खाली घालून बसले होते. "तुमी तर पाथरीला चालले होते ना?"

"तुम्ही परभणीला बियाणं आणायला गेला होता ना?"

पलीकडच्या बाकावर सगुणाबाई आणि त्यांचा धाकटा दीर. कोपऱ्यात व्यंकटराव. ते एकटेच आले होते आणि त्यांच्यासोबत कुणी रुग्ण दिसत नव्हता, तेव्हा कुणी त्यांना काही विचारलं नाही. आणखी दोघं सदस्य चहाला गेले होते. बाहेर एक जीप थांबली, तिच्यातून अजून एक रुमाल उतरला आणि आतली मंडळी बघून पुन्हा जीपमध्ये बसला.

खरं तर त्या क्षणी तिथे सगळे मोकळेपणाने रडू शकले असते. पण व्यंकटरावांनी चहूकडे नजर टाकून गणसंख्या मोजली.

"कोरम हाय," ते हलकेच म्हणाले.

बैठक तिथेच झाली. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांत एकच विषय घेण्यात आला: आज येथे कोणी कोणास पाहिलेले नाही. ठराव सर्वानुमते मंजूर. तेवढ्यात आतून ताईंनी हाक मारली, "पुढचे कोण?"

त्या सुकेशनीताई होत्या. गुरुवार होता, त्या पिंगळीत बसत असत, तसं त्यांनी सांगितलंही होतं. गुरुजींना बघून त्यांच्या चेहऱ्यावर नवल उमटलं नाही. श्रीनिधी एकट्याशीच त्या बराच वेळ बोलल्या. मग गुरुजींना आत घेतलं.

"औषध देतील डॉक्टर, मी बोलेन. पोरगा ऐकतोय, त्याची इच्छाही आहे. पण सर, मी आठवड्यातून एक दिवस. बाकीचे दिवस त्याच्याजवळ कुणीतरी हवं. गावातलं, रोजच्या ओळखीचं, यातून स्वतः गेलेलं. ते नसलं तर हा पुन्हा पडेल आणि दर वेळी न्हाणीघराचं दार उघडं असेल असं नाही. तुमच्या गावात आहे असं कुणी?"

गुरुजींनी बाहेर बाकाकडे पाहिलं. अख्खी समिती जमिनीकडे बघत होती.

"होता," गुरुजी म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते जीवनच्या घरी गेले. त्याची आई पार्वतीबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. शेजारच्या दोन बाया गप्पांना आल्या होत्या, समोरच्या ओट्यावर चौघं बसले होते.

"या गुरुजी. अजून काही उचलायचं ऱ्हायलं का?"

"जीवनला बोलवायचं होतं. काम होतं जरा. त्याचं दुकान… आपण पुन्हा ठराव करू."

"दुकानाचं ऱ्हाऊ द्या. त्यो यील. निरोप धाडला तर उद्या सकाळच्या गाडीनं यील, जिवाला जीव देणारं लेकरू हाय." पार्वतीबाईने पाकळी सोलून वाटीत टाकली. "कुणापाशी बसायचंय त्याला? नाव सांगा. नाव घेतल्याबिगर त्यो बसत न्हाई. म्हणतो, ज्याचं नाव घ्यायला त्याच्या घरच्यायलाच लाज वाटायलीय, ते माणूस बरं कसं व्हईल?"

बायांचे हात थांबले. समोरच्या ओट्यावरची बोलणी थांबली. गुरुजींनी तोंड उघडलं. नाव तीन अक्षरांचं होतं. बारशाला त्यांनी स्वतः निवडलं होतं, शाळेच्या हजेरीत वर्षानुवर्षं खणखणीत आवाजात पुकारलं होतं. घरी तो पोरगा रुमाल सोडून आईजवळ बसला होता आणि बापाची वाट बघत होता.

"कुणापाशी, गुरुजी?" म्हातारीने पुन्हा विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, हे जास्त वाईट होतं.

"आहे…" गुरुजी म्हणाले, "एक पाहुणा आहे."

पार्वतीबाईने थोडी वाट पाहिली. मग ती पुन्हा लसूण सोलू लागली.

धामणखेड्याची कमान अजून फाट्यावर उभी आहे. दर गुरुवारी तिच्याखालून जीपगाड्या दर्शनाला जातात आणि मंगळवारी उलट दिशेने पाहुणे येतात. आता ही गोष्ट वाचून, वाचकहो, तुमच्याही डोळ्यांसमोर कुणाचा तरी चेहरा आला असेल. तुमच्या घरातला तो नाही, याची आम्हाला खात्री आहे. तुम्ही ती वाचलीत, ती अर्थात एखाद्या पाहुण्यासाठीच.