टिकाऊ वस्तू वगळून

समाजसेवेला दोन गोष्टी लागतात: सेवा करणारा आणि सेवा होईपर्यंत जागचा न हलणारा समाज. पहिल्याची सोय महाविद्यालये करतात. दुसऱ्याची सोय आमच्या गल्लीतल्या शिवणमावशींनी केली, तीही विनामूल्य, म्हणून आधी त्यांचे अभिनंदन.

मावशी तिसऱ्या मजल्यावर राहतात, कपडे शिवतात. त्यांचे गुडघे गेले आहेत. जिन्याचा कठडा त्याआधीच गेला. (घरमालक म्हणतात, कठडा होता, आता नाही, एवढाच काय तो फरक.) धाकटी बहीण त्याच इमारतीत तळमजल्यावर असते. वॉकर धरून दारापर्यंत येते आणि तिथेच थांबते. एका छपराखाली राहून दोघींनी वर्षभर एकमेकींचे तोंड पाहिलेले नाही. जिन्याच्या पोकळीतून हाका मारतात. "ताई, जेवलीस का?" "जेवले गं! तू?" शेजाऱ्यांना दोघींचा आहार पाठ आहे.

अशा सुपीक जागी विद्यार्थी-समाजसेवा अनुदान न पोचते तरच नवल. एका सकाळी समन्वयक सर आणि त्यांची विद्यार्थी-तुकडी धापा टाकत वर आली. प्रकल्पप्रमुख म्हणून नेमलेल्या मुलाने विचारले, "मावशी, आपल्या गरजा प्राधान्यक्रमाने सांगाल का?"

"क्रम कसला बाळा, एकच आहे," मावशी म्हणाल्या. "जिन्याला धरायला काहीतरी लावून दे. बहिणीकडे जाऊन बसेन म्हणते."

उत्तर इतके तोकडे निघाले, की उरलेले रकाने विद्यार्थ्यांना स्वतःच्या गरजांनी भरावे लागले.

आता, अनुदानाच्या नियमावलीत एक सुरेख कलम आहे: या निधीतून टिकाऊ वस्तू घेता येणार नाही. त्यामागचा विचार खोल आहे. टिकाऊ वस्तू टिकते. टिकली की तिची नोंद आली, नोंदीमागे तपासणी आली, आणि तपासणीला आलेल्या माणसाला वस्तू खरोखरच जागेवर दिसली, तर बिचाऱ्याने शेरा काय मारायचा? नाश्त्याचे तसे नाही. नाश्ता संपतो, पावती उरते. कठडा वीस वर्षे टिकला असता, म्हणून नामंजूर. जनजागृती त्याच संध्याकाळी ओसरते, म्हणून मंजूर.

प्रकल्पाचे नाव ठरले 'जिना आणि जाणीव'. टी-शर्ट आले, त्यांच्या पाठीवर कठड्याचे चित्र होते, फार सुबक. 'पडावे कसे' या विषयावर कार्यशाळा झाली. (प्रात्यक्षिक दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त कारकुनांनी नकळत दिले.) तिन्ही मजल्यांना पुरेल असा फलक जिन्याच्या पोकळीत सोडण्यात आला. त्यामुळे दोघी बहिणींच्या हाका एकमेकींना ऐकू येईनात. अहवालात याची नोंद 'इमारतीतील आरडाओरड्यात ८३ टक्के घट' अशी आहे.

तुकडीतल्या एका मुलीने मात्र मध्येच घोळ घातला. तिच्या वडिलांचे लोखंडी जाळ्यांचे वर्कशॉप. म्हणाली, "सर, बाबा रविवारी येऊन फुकट कठडा लावून देतायत."

सर रागावले नाहीत. अनुभवी माणूस. म्हणाले, "अगं वेडे, रविवारी कठडा लागला तर सोमवारी जाणीव कशाची करून द्यायची? आणि पैसा न खर्चता परत गेला, तर पुढच्या वर्षी आपल्याला कुत्रं तरी विचारेल का?" मुलीला स्वागत समितीत टाकण्यात आले. तिथे तिने पुष्पगुच्छ धरले.

समारोप समोरच्या सभागृहात होता आणि मंचावर लाभार्थी असणे आवश्यक होते. चार विद्यार्थ्यांनी मावशींना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून खाली आणले. मांडीवर पिशवी होती. तिच्यात बहिणीसाठी शिवलेला गाऊन.

"दोन मिनिटं बहिणीच्या दाराशी थांबवा रे," मावशी म्हणाल्या.

"येताना नक्की, मावशी. पाहुणे येऊन बसलेत."

पाहुण्यांनी माणसामाणसांतल्या तुटत चाललेल्या नात्यांवर भाषण केले. त्यांचे डोळे पाणावले, ते पुसले, छायाचित्रकाराचा नेम चुकल्याने पुन्हा पाणावले. सगळ्याला उशीर झाला. स्वयंसेवकांचा विमा सहापर्यंतच होता आणि सहाला काहीच मिनिटे उरली होती, त्यामुळे खुर्ची परत निघाली ती धावतच.

तळमजल्यावर बहीण वॉकर धरून दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. खुर्ची तोवर चार पायऱ्या चढलीही होती.

"ताई!"

"अरे थांबा, खाली ठेवा मला! अगं, हे घे, तुझ्यासाठी—"

कॅमेरा चमकला. "आला फोटो," प्रकल्पप्रमुख म्हणाला. "चला, वर घ्या."

खुर्ची वर गेली. पिशवी मांडीवरच राहिली.

अहवालात नोंद आहे: 'दुरावलेल्या बहिणींची भेट – १ (छायाचित्र सोबत).' छायाचित्र खरोखर सुंदर आले आहे. दोघींचे हात पुढे झालेले दिसतात, मधल्या पायऱ्या कापल्या आहेत. प्रकल्पाला पहिला क्रमांक मिळाला. पुढील वर्षी दुप्पट अनुदान मंजूर आहे, फक्त लाभार्थीची परिस्थिती तोवर सुधारू नये.

आता एकच रकाना भरायचा राहिला होता: 'प्रकल्पामुळे हळहळलेले नागरिक'. वाचकहो, मघाशी त्या पिशवीपाशी आपल्याला जरा गलबलून आले ना? पुरे तेवढे. आपली नोंद झाली आहे. याउपर काही करण्याची आवश्यकता नाही. तसे आपल्या मनातही नव्हते, याची आम्हाला खात्री होती, म्हणूनच आकडा आम्ही कालच पेनाने लिहून टाकला.