जगुभाऊंना पसंत पडलेलं गिरमिट

हातोडा विकत घ्यायच्या आधी जगुभाऊ तो कानाला लावून ऐकायचे. भर दुकानात डोळे मिटून उभे राहायचे, दांड्यावर नखानं टिचकी मारायची आणि लोखंड कानाशी धरायचं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना ऐकायला कमी येत असेल आणि कोणीतरी भलताच उपाय सांगितला असेल.

"काय ऐकू येतं?" मी विचारलं.

"लाकूड आनि लोखंड एकमेकांशी बोलतात का, ते बगतो." आणखी थोडं ऐकून त्यांनी हातोडा परत ठेवला. "अबोला हाय. पाचर सैल हाय आतली."

हे जगुभाऊ माझे घरमालक. ऐंशी सालानंतर केव्हातरी मी बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला लागलो आणि गावातल्या त्यांच्या कौलारू घराच्या अर्ध्या भागात बिऱ्हाड मांडलं. बिऱ्हाड म्हणजे एक स्टोव्ह, एक खाट आणि मी. जगुभाऊ दुसऱ्या एका कारखान्यात फिटर होते. बोलणं बेताचं, मिशी बेताची. बेताची नव्हती ती फक्त हत्यारांबद्दलची मतं.

"तुमी शिकलेली मानसं डोळ्यानं बगता," ते मला सांगत. "डोळा फसतो. हात फसत नाय." पकड घेतली की ती मिटून उजेडाकडे धरायची, जबड्यातून उजेड दिसला की पकड बाद. पान्यात नट अडकवून हलवून बघायचा. नट डुलला की पाना बाद. खिशात बोटभर कानस कायम असे. पटाशीच्या धारेवर ती हलकेच ओढायची. कानस घसरली तर पोलाद, रुतली तर "लोणी". पालघर ते तारापूर या पट्ट्यातल्या दुकानदारांनी जगुभाऊंकडून 'लोणी' हा शब्द इतक्यांदा ऐकला होता की ते लांबून दिसले तरी काहीजण शटर अर्धं खाली ओढत.

आता असा माणूस म्हटल्यावर त्याच्या घरी हत्यारांचं प्रदर्शन असेल असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. माझ्या दाराची बिजागरी निखळली होती, म्हणून राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी हातोडा मागायला गेलो. जगुभाऊंच्या पत्नी, पार्वतीवहिनी, यांनी माझ्या हातात वरवंटा ठेवला.

"हातोडा?" मी म्हटलं.

"हाच," वहिनी म्हणाल्या. "ह्या घरात बावीस वर्सं हातोडा नाय. पकड नाय, पाना नाय, कायच नाय. बाजारात गेले की हात हलवत येतात. मी म्हनते, बाजारात हातोडे नायत का?"

आतून जगुभाऊ शांतपणे म्हणाले, "हातोडे हायत. हातोडा नाय."

कारखान्यातून एखादं हत्यार रात्रीपुरतं आणायची सोय होती, पण कंपनीचं हत्यार कंपनीत, असा त्यांचा नियम. शेजाऱ्याकडून मागून आणणं तर त्याहून वर्ज्य. त्यामुळे खिळे वरवंट्यानं ठोकले जात, नट दातानं आवळता येत नाहीत म्हणून तसेच राहत, आणि माझं दार दोन वर्षं एका विटेच्या भरवशावर बंद होत होतं. मी एकदा चिडून आठवड्याच्या बाजारातून स्वतःच हातोडा आणला. जगुभाऊंनी तो कानाला लावला आणि दयेनं माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या ठोक्याला त्याचं डोकं उडून वहिनींच्या वाळत घातलेल्या पापडांत पडलं. जगुभाऊ पुढचे चार दिवस अतिशय आनंदात होते.

गंमत म्हणजे बाकी सगळ्या गोष्टी ते चटकन पसंत करत. एकुलत्या एका मुलीचं, मंदाचं, लग्न त्यांनी अर्ध्या तासात ठरवलं होतं. मुलगा सफाळ्याचा, शाळेत मास्तर. चहा झाल्यावर जगुभाऊंनी त्याचा हात हातात घेतला, दाबला, सोडला आणि वहिनींना म्हणाले, "पकड बरी हाय." संपलं. वहिनी अजून ते ऐकवत. "जावई अर्ध्या तासात घेतला, आनि गिरमिट घ्यायला ह्यांना जलम पुरत नाय."

ती मंदा बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. बारशाचा दिवस ठरला. आता पाळणा टांगायचा म्हणजे तुळईत कडी बसवायला हवी, आणि कडी बसवायची म्हणजे भोक पाडायला गिरमिट हवं. वहिनींनी त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन, कमरेला पदर खोचून, माझ्यासमोरच सांगून टाकलं, "बारशाला आट दिवस हायत. पाळना टांगलेला दिसला नाय, तर मी मंदाला आनि पोरीला घेऊन चिंचनीला भावाकडं जाते. बारसं तितंच करीन. सव्वा मयना झाल्याबिगर येनार नाय. तुमी इतं हातोडे ऐकत बसा."

जगुभाऊंचा चेहरा पडला. सव्वा महिन्यानंतर मंदा परस्पर सासरीच जाणार, म्हणजे नात त्यांच्या घरी राहणारच नव्हती. कामावरून आल्यावर हातपाय धुऊन ते दाराशी बसत आणि आतल्या दुपट्याकडे नुसते बघत. माझ्या इतकंच लक्षात आलं होतं की ते तिला उचलून घेत नाहीत. वहिनींनी दिली तरी "नको, माजे हात खरखरीत हायत" म्हणून मागे सरत.

समोरचे एक काका स्वतःहून गिरमिट घेऊन आले. "हे घे, दोन मिनटांचं काम हाय," ते म्हणाले. जगुभाऊंनी हात पाठीमागे बांधले. "मागून आनलेलं हत्यार ह्या तुळईला लागनार नाय," ते इतक्या कडक आवाजात बोलले की काका गिरमिट घेऊन तसेच परतले. दोन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच चिडलेलं पाहिलं.

मग आमची वणवण सुरू झाली. आमची म्हणण्याचं कारण, वहिनींनी मला पहारेकरी म्हणून सोबत दिलं होतं. बोईसरची दुकानं दोन दिवसांत संपली. तिसऱ्या दिवशी आम्ही पालघरला शांतीभाईंच्या दुकानात गेलो. शांतीभाईंनी हात जोडले. "जगुभाई, सामान लेना है या लडकी देखनी है?"

जगुभाऊंनी सात गिरमिटं काढायला लावली. गिरमिट सरळ आहे की नाही, हे ते मूठ काढून काचेवर लोळवून बघत. वाकडं असलं की लोळताना लंगडतं. शांतीभाईंचं काउंटर लाकडी, म्हणून जगुभाऊ सातही गिरमिटं घेऊन शेजारच्या हलवायाकडे गेले आणि पेढ्यांच्या वरच्या काचेवर एकेक लोळवू लागले. हलवाई आधी ओरडला, मग तोही वाकून बघू लागला. गर्दी जमली. एका बाईनं मला विचारलं, हे भविष्य सांगतात का. सातही गिरमिटं लंगडी निघाली.

असे आम्ही चार दिवस कामावरून सुटलो की पालघरला जात होतो. शांतीभाईंनी नवा माल मागवला, तोही लंगडला. बारशाला एक दिवस उरला, आणि घरी वहिनींनी ट्रंक भरायला घेतली. त्या दिवशी जगुभाऊंचं लक्ष शांतीभाईंच्या मागे खिळ्याला टांगलेल्या एका जुनाट गिरमिटाकडे गेलं. मूठ घामानं काळी पडलेली. ते विकायचं नव्हतं, शांतीभाईंच्या वापरातलं होतं. जगुभाऊंनी ते काचेवर लोळवलं. ते पेढ्यांवरून बर्फीपर्यंत सरळ, बिनआवाज गेलं. हलवायानं टाळ्या वाजवल्या.

"ले जाओ," शांतीभाई म्हणाले. "बस, छह महिना इधर आना मत."

"मागून नाय नेनार. इकत द्या," जगुभाऊ म्हणाले, आणि घेऊनच निघाले. डुलत नाहीत असे दोन पानेही त्या भरात पसंत झाले. वाटेत भेटेल त्याला ते हलवायाकडून घेतलेला पेढा देत होते. "गिरमिट सरळ निघालं," असं सांगत होते. घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "नात झाली तवा बर्फी वाटायचं सुचलं नाय." पण ट्रंक त्यांनी रिकामी केली.

"आणि हातोडा?" मी विचारलं.

"ह्या कामाला हातोडा लागत नाय," जगुभाऊ म्हणाले. "लागला, तर काम चुकलं समजायचं."

त्यांनी तुळईला आरपार भोक पाडलं, कडी घातली, वरून वायसर आणि एकावर एक दोन नट आवळले. मग परीक्षा सुरू झाली. आधी भाताचं पोतं टांगलं. मग ते स्वतः लोंबकळले. मग मी. बारशाच्या सकाळी पाहुणे यायला लागले, तर दारातच जगुभाऊ उभे. "चहा नंतर. आधी लटका." वहिनींचे चिंचणीचे भाऊ, वजनानं भाताच्या दोन पोत्यांना भारी, नवं धोतर सावरत कडीला लोंबकळले, आणि पाय वर घ्या, पाय वर घ्या असं जगुभाऊ खालून सांगत होते. जावईमास्तरही लटकले. कडी हलली नाही.

एवढं झाल्यावर तरी हा माणूस स्वस्थ बसेल असं मला वाटलं. बायका पाळण्याभोवती जमल्या, बाळाला पाळण्याच्या वरून खालून फिरवायची वेळ झाली, आणि जगुभाऊ पाळण्याच्या बरोबर खाली मांडी घालून, दोन्ही तळहात वर करून बसले. उठेनात. बायकांच्या साड्या त्यांच्या डोक्यावरून जात होत्या. कोणी हसत होतं, कोणी त्यांना ओलांडत होतं. "अहो उठा, लोक हसतात," वहिनी म्हणाल्या. मीही हसलो. मीच सगळ्यात मोठ्यानं हसलो.

मंदा बाळाला घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तिनं मला खुणेनं बोलावलं.

"दादा, हसू नका," ती हळू म्हणाली. तिनं बाळ उजव्या हातावर घेतलं आणि डावं मनगट माझ्यापुढे धरलं. हाड किंचित बाहेर वळलेलं होतं. इतक्या दिवसांत मी ते पाहिलं नव्हतं. "मी सात मयन्यांची होते. बाबांनी कोनाचं तरी गिरमिट मागून आनलेलं. वाकडं होतं, भोक मोठं पडलं. तर बाबांनी कडी हातोड्यानं ठोकून बसवली. पाळन्यासकट खाली पडले मी."

मी वळून पाळण्याखाली बसलेल्या जगुभाऊंकडे पाहिलं.

"सगळ्यांना सांगतात, पोरीचा हात जलमापासून असा हाय. मला पन तेच सांगितलंय. आईनं मला खरं सांगितलं, ते त्यांना म्हाईत नाय. तुमी पन बोलू नका."

ती बाहेर गेली. दोन वर्षं मी या माणसाच्या गोष्टी कारखान्यात रंगवून सांगितल्या होत्या, लोकांना हसवलं होतं. मला माझी फार लाज वाटली.

मंदानं मुलीला पाळण्यात निजवलं. मग ती वाकली आणि पाळण्याची दोरी वडिलांच्या पुढ्यात धरली. "बाबा, झोका तुमी द्या."

"माजे हात खरखरीत हायत."

"असू द्या. दोरीला काय कळतंय."

जगुभाऊंनी वर पाहिलं, तुळईकडे, नटांकडे. मग उजवा हात काढून दोरी धरली आणि अगदी थोडी ओढली. पाळणा हलला. बायका पुढे होऊन बाळाचं नाव सांगू लागल्या. डावा हात त्यांनी काढला नाही. तो तसाच, उताणा, पाळण्याखाली राहिला, आणि पाळणा ज्या बाजूला जाई त्या बाजूला तोही सरकत होता.